शरत कमल इतकी वर्षं टिकला कसा?

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर टेबल टेनिसचं एक जुनं टेबल आहे. रविवारी सकाळी तिथं हमखास वाद होतो. काका मंडळींचा गेम एकवीस पॉइंटचा, पाच-पाच सर्व्हिसचा. पोरांचा अकराचा, दोन-दोन सर्व्हिसचा. ‘एकवीसमध्ये खरा खेळ कळतो, अकरा म्हणजे निव्वळ लॉटरी,’ हे काकांचं ठरलेलं वाक्य. पोरं कानाडोळा करतात आणि अकरावरच थांबतात.

गंमत म्हणजे ज्या खेळाडूचं नाव दोन्ही बाजू आदरानं घेतात, तो हे दोन्ही खेळ खेळलेला आहे. अचंता शरत कमल. जन्म १२ जुलै १९८२ चा, वाढला चेन्नईत. वडील श्रीनिवास राव आणि काका मुरलीधर राव दोघंही प्रशिक्षक, त्यामुळे बॅट हातात आली चौथ्या वर्षी. पाच ऑलिंपिक, राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांमधली तेरा पदकं आणि दहा राष्ट्रीय विजेतेपदं नावावर ठेवून त्यानं मार्च २०२५ मध्ये बॅट खाली ठेवली, तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. या खेळात तिशी ओलांडली की लोक ‘आता प्रशिक्षक व्हायचं बघा’ असं सुचवायला लागतात.

पदकांची यादी कुठंही मिळेल. मला कुतूहल आहे ते इतकी वर्षं टिकण्याचं. ते कळायचं असेल तर आधी टेबलावर नेमकं काय चाललेलं असतं ते बघावं लागेल, कारण टीव्हीवर ते दिसतच नाही. दिसतो फक्त एक पांढरा ठिपका आणि दोन घामाघूम माणसं.

टेबलाची लांबी २.७४ मीटर. समजा चेंडू ताशी ६० किलोमीटर वेगानं आला, म्हणजे आपल्या गल्लीतल्या स्कूटरपेक्षा थोडा जास्त. या टोकाकडून त्या टोकाला पोचायला त्याला लागतात सेकंदाचे साधारण सोळा शतांश. डोळ्यांनी काही पाहून हात हलायला माणसाला साधारण वीस शतांश लागतात. हिशेब जुळत नाही, नाही का? मग चेंडू परत जातोच कसा? टेबलापासून मागं सरकून थोडा वेळ मिळवता येतो, पण खरं उत्तर वेगळं आहे. चांगला खेळाडू चेंडूकडे बघून फटका मारत नाही. समोरच्याचा खांदा, मनगट, बॅटचा कोन, पाय कुठं रोवलाय, यावरून तो चेंडू निघायच्या आधीच अंदाज बांधतो. आपण ज्याला चपळाई म्हणतो, त्यात बराचसा भाग वाचनाचा असतो.

आणि वाचायचं असतं ते मुख्यतः फिरकीबद्दल. चेंडूला वरून घासून पुढं फिरवलं की टॉपस्पिन. तो टेबलावर आपटून पुढं उसळतो आणि बॅटला लागला की वर उडू पाहतो. खालून कापला की चॉप. तो बॅटला लागताच खाली, थेट जाळीत जातो. मधे साइडस्पिन आहेच. सगळ्यात दुष्ट प्रकार म्हणजे हालचाल पूर्ण चॉपची, पण चेंडूला फिरकी अजिबात न देणं. समोरचा चॉप समजून बॅट उघडतो, म्हणजे वरच्या बाजूला तिरकी करतो, आणि चेंडू छताकडे. सोसायटीतल्या टेबलावरही हे करून बघा, मैत्री तुटेल इतकं परिणामकारक आहे.

ही फिरकी येते बॅटवरच्या रबरामुळे, आणि त्याच्या इतिहासात आपल्या मुंबईचं एक मोठं पान आहे. १९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली, आशियात पहिल्यांदाच. तोवर बॅटवर बारीक दाणेदार रबर असायचं, चेंडूचा टक-टक असा आवाज यायचा आणि खेळाडू त्या आवाजावरही फटक्याचा अंदाज बांधायचे. मुंबईत जपानचा हिरोजी सातो हा चष्मेवाला खेळाडू बॅटवर जाड स्पंज लावून आला. आवाजच बंद! चेंडू स्पंजात रुतायचा आणि गोफणीतून सुटावा तसा परत यायचा. युरोपातले नावाजलेले खेळाडू गोंधळून गेले आणि सातो जगज्जेता झाला. पुढं १९५९ मध्ये नियम आले. नुसता स्पंज चालणार नाही, वर रबर हवंच आणि दोन्हींची जाडी मिळून ४ मिलिमीटरच्या आत. आज जगभर जी बॅट वापरतात तिचा वंश असा मुंबईतून निघतो. शिवाजी पार्कच्या क्रिकेटबद्दल आपण तासन् तास बोलतो, याबद्दल एक वाक्यही नाही. असो.

बॅटच्या दोन बाजूंना दोन रंग का, हा प्रश्न नवखा प्रेक्षक विचारतोच. दोन्ही बाजूंची रबरं वेगळ्या गुणांची असू शकतात. एक गुळगुळीत आणि चिकट, फिरकी देणारं. दुसरं लांब दाण्यांचं, ज्याला खेळाडू ‘लाँग पिंपल्स’ म्हणतात. हे दुसरं फारच आगाऊ. ते स्वतः फिरकी देत नाही, समोरच्याचीच फिरकी बऱ्याच अंशी उलट करून त्याच्या पदरात टाकतं. तुम्ही टॉपस्पिन पाठवला, परत येतो चॉप. भारताची मनिका बत्रा बॅकहँडला हेच रबर वापरते. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं सिंगापूरच्या फेंग तियानवेईला, तेव्हाच्या जगातल्या चौथ्या क्रमांकाच्या खेळाडूला, हरवलं त्यात या रबराचा वाटा होता. पूर्वी दोन्ही बाजू एकाच रंगाच्या असायच्या आणि खेळाडू रॅलीत बॅट गपकन उलटी करायचे, समोरच्याला पत्ताच नाही. १९८० च्या दशकात दोन वेगळे रंग सक्तीचे झाले ते म्हणून. २०२१ पासून एक बाजू काळी आणि दुसरी लाल, गुलाबी, जांभळी, हिरवी किंवा निळी चालते.

शरत कमल लाँग पिंपल्सवाला नाही. त्याचं हत्यार म्हणजे फोरहँडचा जोरदार टॉपस्पिन. उंच माणूस, लांब हात. एकदा पाय रोवून फोरहँड लागला की समोरच्यानं फक्त चेंडू आणायला जायचं. पण ज्याचा सगळा भरवसा एका फटक्यावर असतो, त्याला खेळाचे नियम बदलले की सगळ्यात जास्त फटका बसतो. आणि त्याच्या कारकिर्दीत खेळ एकदा नाही, पाच वेळा बदलला.

तो अठरा वर्षांचा असताना, सिडनी ऑलिंपिक संपल्यावर ऑक्टोबर २००० मध्ये चेंडू मोठा झाला. व्यास ३८ मिलिमीटरचा ४० झाला आणि वजन अडीच ग्रॅमचं २.७. दोन मिलिमीटरनं असं काय होणार? चेंडूचं हवेला भिडणारं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, म्हणजे जवळजवळ ११ टक्के. तेवढा हवेचा विरोध वाढला. चेंडू मंदावला, फिरकी कमी झाली, रॅली लांबली. टीव्हीवर चेंडू दिसावा, हा त्यातला एक हेतू होता.

मग सप्टेंबर २००१ मध्ये गेम एकवीसचा अकरावर आला. आमच्या काकांची ‘लॉटरी’ ती हीच. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. एकवीसच्या गेममध्ये सुरुवातीला चारपाच पॉइंट गेले तरी सावरायला वेळ असायचा. अकरामध्ये ०-४ म्हणजे धोक्याची घंटा. त्यामुळे अचानक निकालांची शक्यता वाढली हे खरं. पण त्याच वेळी प्रत्येक सर्व्हिसची किंमतही वाढली, आणि दडपणात डोकं थंड ठेवणाऱ्याचा फायदा झाला. लगेच दुसऱ्या वर्षी सर्व्हिस लपवण्यावर बंदी आली. तोवर खेळाडू सर्व्हिस करताना मोकळा हात किंवा खांदा मधे आणून बॅटचा स्पर्श झाकायचे. आता चेंडू उघड्या तळहातावर ठेवायचा, किमान १६ सेंटीमीटर सरळ वर उडवायचा आणि समोरच्याला तो सतत दिसत राहिला पाहिजे.

याच वाढत्या वयात शरतला कळलं की आपण जागतिक पातळीवर उभे राहू शकतो. २००४ मध्ये तो टेबल टेनिसच्या स्वतंत्र राष्ट्रकुल विजेतेपद स्पर्धेत जिंकला आणि अथेन्स ऑलिंपिकला गेला. २००६ मध्ये मेलबर्नला राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या विल्यम हेन्झेलला त्याच्याच देशात, घरच्या प्रेक्षकांसमोर हरवून एकेरीचं सुवर्ण घेतलं. सांघिकही घेतलं.

चौथा बदल माझ्या मते सगळ्यात रंजक, कारण तो गोंदाचा होता. त्या काळी खेळाडू सामन्याच्या आधी रबर सोलून काढायचे, स्पंजला ताजा ‘स्पीड ग्लू’ फासायचे आणि परत चिकटवायचे. त्यातल्या उडून जाणाऱ्या द्रावकांमुळे स्पंज फुगायचा, रबर ताणलं जायचं आणि चेंडू बॅटवरून जास्त वेगानं सुटायचा. सामन्याआधी हॉलमध्ये तो उग्र वास भरलेला असायचा. आरोग्याच्या कारणानं बीजिंग ऑलिंपिकनंतर, सप्टेंबर २००८ पासून हा गोंद बंद झाला. ज्यांचा खेळच जोरावर उभा होता, त्यांच्या हातातली बॅट एका दिवसात बदलल्यासारखी झाली. पोळीवाल्या बाईंचा तवा बदलून बघा, म्हणजे काय होतं ते कळेल. शरतनं २०१० मध्ये इजिप्त ओपन आणि अमेरिकन ओपन जिंकल्या, म्हणजे नव्या तव्यावर त्याचा हात बसला होता.

आणि मग २०१४ मध्ये चेंडूच बदलला. सेल्युलॉइड पटकन पेट घेतं, ते बनवणं आणि विमानानं पाठवणं दोन्ही कटकटीचं. म्हणून प्लास्टिकचा चेंडू आला, अंमळ मोठा, अंमळ कमी फिरकीचा. आवाजही वेगळा. लहानपणापासून ज्या उसळीवर शरीर तयार झालेलं असतं, ती उसळीच वेगळी. विशीतला पोरगा सहा महिन्यांत नवीन चेंडू आपलासा करतो. बत्तीस वर्षांच्या माणसाच्या हाताची आधीची सवय आधी मोडायला लागते, मग नवी लागते. २०१० नंतर शरतच्या एकेरीतल्या पुढच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय विजेतेपदाला दहा वर्षं लागली. मार्च २०२० मध्ये मस्कतला, ओमान ओपनच्या अंतिम सामन्यात त्यानं पोर्तुगालच्या मार्कोस फ्रेटासला ४-२ हरवलं. तो सदतीस वर्षांचा होता. काही दिवसांतच सगळं जग दार लावून घरात बसलं, नाहीतर त्या विजयाचा जरा गाजावाजा झाला असता.

या मधल्या दहा वर्षांत तो काय करत होता, हे समजायला खेळाडूचं रोजचं आयुष्य बघायला हवं. भारतात अशा खेळाडूचा पाया बहुतेकदा नोकरी असते. रेल्वे, बँका, पेट्रोलियम कंपन्या. शरत इंडियन ऑइलचा कर्मचारी. पगार चालू राहतो, घर चालतं. पण खेळ सुधारायचा तर रोज वेगवेगळ्या शैलीचे, आपल्याहून वरचे खेळाडू समोर हवेत, आणि ते मिळतात युरोपातल्या लीगमध्ये. शरत जर्मनीत बोरुसिया ड्युसेलडॉर्फसारख्या नामांकित क्लबकडून खेळला. तिथं क्लब खेळाडूला करारावर घेतो. आठवडाभर सराव, मधेमधे लीगचे सामने, आणि सरावाला तुमच्या शेजारच्या टेबलावर जगातल्या वरच्या क्रमांकांवरचा माणूस. २०१७ पासून आपल्याकडे अल्टिमेट टेबल टेनिस ही लीग आली, २०२३ चा हंगाम तर पुण्यात बालेवाडीला झाला. पण ती काही आठवड्यांची गोष्ट. वर्षभराची तालीम त्यातून होत नाही.

आता जागतिक क्रमवारी. भल्याभल्यांचा गोंधळ इथं होतो. २०१८ पासून पद्धत अशी आहे की गेल्या बारा महिन्यांतल्या तुमच्या सर्वोत्तम आठ निकालांचे गुण धरायचे, वर्ष उलटलं की जुने गुण गळून पडायचे. म्हणजे हे मुदत ठेवीसारखं नाही, रेशनच्या धान्यासारखं आहे. दर वर्षी नवीन आणावं लागतं. दुखापतीनं चार महिने घरी बसलात तर क्रमांक आपोआप घसरतो. स्पर्धांनाही पायऱ्या आहेत. सगळ्यात वर ग्रँड स्मॅश, विजेत्याला २००० गुण. मग चँपियन्स, १०००. स्टार कंटेंडर ६००, कंटेंडर ४०० आणि तळाला फीडर, १२५. क्रमांक खाली असेल तर वरच्या स्पर्धांत थेट प्रवेश नाही, पात्रता फेऱ्या खेळा. पात्रता फेरीत हरलात तर विमानाचं तिकीट गेलं ते गेलं.

शरतनं या यंत्राचा एक झकास नमुना दाखवला. मार्च २०२४, सिंगापूर स्मॅश. तो एक्केचाळीस वर्षांचा, जगात अठ्ठ्याऐंशीवा, पॅरिस ऑलिंपिकचं तिकीट अधांतरी. पात्रता फेऱ्यांतून वर आला, मुख्य फेरीत तेराव्या क्रमांकाच्या स्लोव्हेनियाच्या डार्को योर्गिचला हरवलं, मग इजिप्तच्या ओमर असारला. ग्रँड स्मॅशच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचणारा तो पहिला भारतीय. तिथं फ्रान्सच्या फेलिक्स लब्राँनं त्याला थांबवलं. पण उपांत्यपूर्व फेरीचे ३५० गुण मिळाले, म्हणजे अख्खी कंटेंडर स्पर्धा जिंकल्यासारखंच जवळजवळ. एका आठवड्यात तो अठ्ठ्याऐंशीवरून चौतीसवर. पॅरिसला तो गेला, उद्घाटनाला पी. व्ही. सिंधूबरोबर तिरंगा धरला. एकेरीत पहिल्याच सामन्यात हरला, हेही खरं.

इथं तिरकस प्रश्न येतोच. राष्ट्रकुलची तेरा पदकं, त्यात सात सुवर्ण, आणि ऑलिंपिकचं एकही नाही, हे कसं? उत्तर सरळ आहे. राष्ट्रकुलात चीन नाही, जपान नाही, दक्षिण कोरिया नाही, जर्मनी नाही. या खेळाचा मुख्य वाडा तिथं अनुपस्थित असतो. म्हणून मी तरी त्याचं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतलं सांघिक कांस्य त्याच्या काही सुवर्णांपेक्षा वर ठेवीन. आशियाई स्पर्धांत भारताला टेबल टेनिसमध्ये मिळालेलं ते पहिलं पदक, आणि त्यासाठी जपानला ३-१ हरवावं लागलं होतं. त्याच स्पर्धेत मनिकाबरोबर मिश्र दुहेरीचं कांस्यही आलं.

ऑलिंपिकमधला त्याचा सगळ्यात चांगला दिवस म्हणजे हरलेला दिवस. टोकियो, तिसरी फेरी, समोर चीनचा मा लाँग, गतविजेता. पहिला गेम गेला, दुसरा शरतनं ११-८ घेतला. तिसरा ११-११ पर्यंत गेला. तो त्याला मिळाला असता तर, असं मी त्या दिवशी टीव्हीसमोर पुटपुटत होतो. गेला ११-१३. पुढचे दोन गेम मा लाँगनं ११-४, ११-४ असे उरकले आणि नंतर सुवर्णही नेलं.

त्यानंतर वर्षभरानं, चाळिशी गाठून महिनाही झाला नसताना, बर्मिंगहॅमला २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत त्यानं तीन सुवर्णं घेतली. सांघिक, श्रीजा अकुलाबरोबर मिश्र दुहेरी आणि एकेरी. एकेरीत इंग्लंडच्या लियम पिचफोर्डविरुद्ध पहिला गेम गमावून पुढचे चारही जिंकले. मेलबर्नच्या सुवर्णानंतर सोळा वर्षांनी. त्याच वर्षी शिलाँगला दहावं राष्ट्रीय विजेतेपद. मुंबईच्या कमलेश मेहतांचा आठ विजेतेपदांचा विक्रम त्यानं २०१९ मध्ये कटकला मोडला होताच. मराठी वाचकांना आणखी एक धागा आवडेल. २०१८ च्या गोल्ड कोस्टच्या सुवर्ण जिंकणाऱ्या पुरुष संघात त्याच्याबरोबर मुंबईचा सनील शेट्टी होता, आणि महिलांच्या सुवर्ण संघात मधुरिका पाटकर आणि पूजा सहस्रबुद्धे.

शेवटची स्पर्धा त्यानं घरचीच निवडली. चेन्नईची स्टार कंटेंडर, मार्च २०२५. उपउपांत्यपूर्व फेरीत समोर आपलाच स्नेहित सुरवज्जुला, शरत राष्ट्रीय स्तरावर गाजत होता तेव्हा बहुधा शाळेची वाट धरणारा. स्नेहितनं ३-० असं जिंकलं. तीनही गेम अर्थातच अकराचे. एकवीसचा गेम खेळत मोठा झालेला, त्या टेबलावरच्या दोघांत शरत एकटाच होता.